मेंदू जपायचा तर आधी बीपी आणि कान बघा

स्मृतिभ्रंश टाळायचा म्हटलं की शब्दकोडी, भिजवलेले बदाम आणि ब्राह्मी यांचीच नावं निघतात. कोडी खुशाल सोडवा, पण चाळिशीपासून न कळत वाढलेला रक्तदाब मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद करत असतो, त्याला कोडी आवर घालू शकत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आपल्याला बदलता येतील अशी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी आवरली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो. यातल्या दोन कारणांकडे घरोघरी दुर्लक्ष होतं: बीपी आणि कमी ऐकू येणं.

बीपी घरी मोजा, पण नीट मोजा. यंत्र दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू आणि चालणं टाळा, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवा. हात खाली लोंबत असला, मांडीवर मांडी असली, बोलणं चालू असलं किंवा पट्टा दंडाला लहान पडत असला, तर आकडा उगाच जास्त येतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. साठीनंतर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० नं उतरत असेल तर पडण्याचा धोका असतो, तेही सांगा. आणि आकडा उतरला म्हणून गोळी मनानं बंद करू नका. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी पन्नास दिवस तरी पुरायला हवी, तीही लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ न धरता. पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा.

आता कान. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, फोनवर ‘काय? काय?’ होतं, लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्याचं कळत नाही, मग माणूस गप्पांतूनच उठून जातो. मेंदूला मिळणारं खाद्य तिथेच तुटतं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ तपासून घ्या (कानात तेल किंवा काडी नको), मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं बहुतेकदा सगळेच आवाज सारखे वाढवतात. श्रवणयंत्र तुमच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर असह्य होते, आणि बरीच यंत्रं याच टप्प्यावर कपाटात जातात. पहिले दिवस शांत खोलीत तास-दोन तास लावा, रोज थोडं वाढवा आणि महिन्याभरात दिवसभर वापरा. त्रास होत असेल तर सेटिंग बदलून घ्या. शिट्टी वाजली तर मोल्ड (यंत्राचा कानात बसणारा भाग) सैल आहे किंवा कानात मळ आहे. पावसाळ्यात रात्री ते ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. श्रवणयंत्रं देऊन पाहणाऱ्या २०२३ च्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ अभ्यासात सर्वांचा मिळून फरक दिसला नाही, पण जास्त धोका असलेल्या वृद्धांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली.

बाकीचं थोडक्यात. आठवड्याला १५० मिनिटं चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीनं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन वा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर बी-१२ तपासा. त्याच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका. स्कूटरवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं.

किल्ल्या विसरणं वेगळं. रोजचा रस्ता चुकणं, नेहमीची आमटी करताना क्रम हरवणं, बँकेचे व्यवहार न जमणं, हे दाखवायलाच हवं. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. वयस्कांना त्यांनीही भ्रम होऊ शकतो.