सहभागी छायाचित्रणाच्या कामात उतरताना : कॅमेरा हातात देण्याआधी आणि दिल्यानंतर

सहभागी छायाचित्रण म्हणजे वस्तीतल्या लोकांनी स्वतः फोटो काढायचे, त्यांवर चर्चा करायची आणि त्यातून आपलं म्हणणं निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडायचं. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण आधी कॅमेऱ्याबद्दल विचारतात. कोणता घ्यायचा, किती घ्यायचे, मोबाइल चालेल का? हे प्रश्न यादीत बरेच खाली येतात. सगळ्यात वर असायला हवा तो वेगळाच : वस्तीतल्या लोकांनी काढलेले फोटो बघून काही निर्णय घेऊ शकेल असा माणूस कोण आहे, आणि कार्यशाळा सुरू होण्याआधीच तो यायला कबूल झालाय का?

कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९२च्या सुमारास चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन ‘फोटोव्हॉइस’ ही पद्धत घडवली. वँगने पुढे या पद्धतीच्या नऊ पायऱ्या मांडल्या. त्यात पहिली पायरी आहे धोरण ठरवणारे किंवा गावातले पुढारी शोधून त्यांना सोबत घेणं. कॅमेरे वाटणं थेट सहाव्या पायरीवर येतं. आपल्याकडे अनेक प्रकल्प नेमके सहाव्या पायरीपासून सुरू होतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी टाळ्यांवर संपतात.

म्हणून सुरुवात वॉर्ड ऑफिसपासून किंवा ग्रामपंचायतीपासून करा. विषय पाण्याचा असेल तर पाणीपुरवठ्याचा अभियंता, अंगणवाडीचा असेल तर पर्यवेक्षिका. तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अधिकारी नव्या कामाचा शब्द देऊ शकत नाहीत. एप्रिल-मे हा बदल्यांचा काळ, त्यामुळे मार्चमध्ये दिलेला शब्द जूनमध्ये नव्या साहेबांना माहीतच नसतो. आणि गावात ग्रामसभेला जोडून प्रदर्शन भरवायचं असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सोयीच्या. १५ ऑगस्टला मात्र छप्पर पक्कं हवं.

गट लहानच ठेवा, आठ ते दहा जणांचा. यामागे साधा हिशेब आहे. नऊ जणींचे प्रत्येकी दोन फोटो आणि एका फोटोवर सात मिनिटं धरली तरी दोन तास उलटून जातात. बायकांना त्याहून जास्त वेळ बसवता येत नाही. पाण्याची वेळ असते, शाळा सुटते. पंधरा जणांचा गट केला की चर्चा उरकली जाते, आणि चर्चा हाच या कामाचा गाभा. साधारण सहा बैठका, आठवड्याला एक, दोन तासांची. रोजंदारीवर जाणाऱ्यांना बुडालेल्या वेळेचं मानधन द्या.

आता कॅमेरे. घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो; बाईने काढलेला फोटो त्याच्या गॅलरीत जातो, मग ती जपून, बेतानेच फोटो काढते. त्यामुळे सिमकार्ड न घातलेले पाच-सहा जुने अँड्रॉइड फोन पाळीपाळीने देणं बरं पडतं. देण्याआधी प्रत्येकात हे करा : कॅमेऱ्याचं लोकेशन बंद, आपोआप बॅकअप बंद, चेहरा उजळवणारा फिल्टर बंद, कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटवणारा वॉटरमार्क बंद, तारीख-वेळ बरोबर. लोकेशन विसरलात तर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा जातो. जिथे दारू विकली जाते किंवा मारझोड होते, अशा गल्लीचा फोटो असेल तर हे महागात पडतं.

तंत्र शिकवायला एक बैठक पुरते. भिंग पुसायचं, कारण धूसर फोटोंचं सर्वात मोठं कारण पदराचा, हाताचा, फोडणीचा तेलकटपणा. झूम करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं. अंधाऱ्या घरात दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि स्क्रीनवर जिथे बघायचं आहे तिथे बोट टेकवायचं. बस्स. ज्यांनी छायाचित्रणाचा कोर्स केलेला असतो ते इथे सर्वाधिक बिघाड करतात. ते चौकट दुरुस्त करायला लागतात आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळ्यांचे फोटो एकसारखे सुंदर दिसू लागतात.

खरी कसोटी प्रश्नाची. ‘तुमच्या वस्तीतल्या समस्यांचे फोटो काढा’ असं सांगितलं की दहाच्या दहा जणी कचऱ्याचा ढीग घेऊन येतात. त्यांना वाटतं, संस्थेला हेच हवंय. त्याऐवजी ‘पहाटे उठल्यापासून शेवटचा हंडा भरेपर्यंत’ असा वेळेचा तुकडा द्या, किंवा ‘जिथून जाताना पाऊल आपोआप जलद पडतं ती जागा’. जे नाही त्याचा फोटो कसा काढायचा, असं कुणी विचारलं की समजावं, विषय पोहोचला. पेरूच्या लिमा शहरात १९७३मध्ये साक्षरतेच्या कामात लोकांना प्रश्नाचं उत्तर फोटोतून द्यायला सांगत. शोषण म्हणजे काय, याला एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना कळेना; पोरांना लगेच कळलं. बूटपॉलिश करणारी ही मुलं शहरापासून लांब राहत, जड पेटी रोज वाहून नेणं जमत नसे, म्हणून दुकानदाराच्या भिंतीतला खिळा भाड्याने घेऊन ती रात्री तिथे टांगत. ही हकीकत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी नोंदवली आहे. चर्चा झाली नसती तर तो नुसता खिळाच राहिला असता.

चर्चेसाठी वँगच्या पद्धतीतले पाच प्रश्न पुरतात : इथे काय दिसतंय? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? चौथ्या प्रश्नावर गट अडतो. ‘लोकांना सवयच नाही’, ‘आमचीच चूक’ अशी उत्तरं येतात. तिथे घाई करू नका, पुन्हा ‘का’ विचारा. कचरा रस्त्यावर का? गाडी येत नाही. का येत नाही? गल्ली अरुंद आहे आणि घंटागाडी बायका कामावर गेल्यावर येते. आता अधिकाऱ्याकडे मागता येईल असं काहीतरी हातात आलं : वेळ बदला.

चर्चेला फोटो स्क्रीनवर दाखवू नका, चार बाय सहाचे प्रिंट आणा. जमिनीवर मांडता येतात, सरकवता येतात, उलटून ठेवता येतात. बोलणं परवानगीने रेकॉर्ड करा आणि फोटोखालच्या ओळी त्यातूनच घ्या, चाळीस-पन्नास शब्दांच्या. बोली सुधारू नका. ‘पानी’ म्हटलं असेल तर ‘पानी’च. लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवा, होकार आला की पक्कं. अधिकाऱ्यासाठी खाली वेगळी ओळ ठेवा : ठिकाण, महिना, मागणी.

संमती एकदाच सही घेऊन संपत नाही. फोटो काढताना एक, आणि प्रदर्शनात कोणता लावायचा हे ठरल्यावर दुसरी. इंटरनेटवर टाकायचा असेल तर तिसरी. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो पोक्सो कायद्याने आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा बाल न्याय कायद्याने प्रसिद्ध करता येत नाही, पालक हो म्हणाले तरी. याशिवाय एक धोका नवख्यांच्या लक्षात येत नाही : मागच्या बाजूला काय आलंय. तारेवर टाकलेला आकडा, वाढवलेली खोली, दारूचं पिंप. असा फोटो वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला तर पाणी मागायला गेलेल्या घरावर कारवाई ओढवते.

प्रदर्शनासाठी वीस-पंचवीस फोटो बारा बाय अठरा इंचांत, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर. बारा मेगापिक्सेलचा मूळ फोटो त्या आकाराला पुरून उरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेला फुटतो, कारण तो आकसून येतो; मागवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. प्रदर्शन आधी वस्तीत भरवा, समाजमंदिरात किंवा चावडीवर, मग कार्यालयात. वस्तीला न दाखवता साहेबांना दाखवलं की दुसऱ्या दिवसापासून गटातल्या बायकांना टोमणे सुरू होतात. साहेब बहुधा पंधरा मिनिटं थांबतात. तेवढ्यात तीनच फोटो दाखवायचे आणि ते काढणारीनेच बोलायचं. त्याच वेळी लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. त्याशिवाय पाठपुरावा कशाचा करणार?

पैशाचं थोडक्यात. कलम ८ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी काढली तरी सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) थेट मिळवायला साधारणपणे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आयकराची १२ए-८०जी नोंदणी आणि हा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक लागतो. त्यामुळे पहिली काही वर्षं जुन्या संस्थांसाठी कार्यशाळा घेऊन, त्यांच्या कामाचं मूल्यमापन करून शुल्कावरच चालतात. इथे हक्कांकडे लक्ष द्या. कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकते. मानधन देणार असाल तर ते वेळेचं आहे, हक्क काढणारीचेच राहतील आणि संस्थेला ठरावीक वापराची परवानगी आहे, असं करारात मराठीत लिहा. निधी देणाऱ्याच्या करारात ‘सर्व साहित्य आमचं’ हे कलम बहुधा असतंच. सही करण्याआधी ते बदलून घ्या. नंतर कुणी बदलत नाही.

नोकरीसाठी अर्ज करत असाल तर पोर्टफोलिओत स्वतःचे सुंदर फोटो कमी आणि एखाद्या चर्चेचं शब्दशः उतरवलेलं टिपण जास्त ठेवा. पहिलं वर्ष बरंचसं तेच काम असतं : रेकॉर्डिंग उतरवणं, फाइलींना नावं देणं, दोन ठिकाणी प्रती ठेवणं, बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना फोन. मुलाखतीत तुम्हीही विचारा : प्रदर्शनानंतरच्या तीन महिन्यांच्या पाठपुराव्यासाठी बजेटमध्ये किती रक्कम आहे, आणि एखादीने दोन वर्षांनी ‘माझा फोटो काढून टाका’ म्हटलं तर ते कोण करतं?