काचेच्या पेटीतल्या बाळाशी बोलताना

माझी लेक 28व्या आठवड्यात जन्मली. एवढ्याशा जिवाला काय ऐकू येणार, म्हणून पहिले दोन दिवस मी पेटीपाशी गप्पच उभी होते. पण बाळ साधारण 25व्या आठवड्यापासूनच आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. त्यामुळे छातीशी घ्याल तेव्हा हळू आवाजात बोला, गुणगुणा. बाळाने बोटं ताणली, तोंड फिरवलं की थांबा, ते दमलंय. पेटीवर बाटल्या, फायली आपटू देऊ नका, आवाज आत घुमतो.

घरी नेण्याआधी कानाची तपासणी मागाच, आणि ती एबीआर हवी, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. नुसत्या ओएईमध्ये, म्हणजे फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद बघणाऱ्या तपासणीत, कानाच्या नसेतला दोष सुटू शकतो. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का, कावीळ किती वाढली होती, हे लिहून घ्या; दोन्हींचा ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. पास झालं तरी नऊ महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा तपासून घ्या.

वय मोजताना लवकर आलेले आठवडे वजा करा. सहा महिन्यांची झाली तरी लेक 'बा-बा' करेना, म्हणून मी रडले होते. त्या हिशोबाने ती तीनच महिन्यांची होती!

तिच्या 'अं'ला मी 'अं' म्हणायचे आणि वाट बघायचे. उत्तर यायला कधी दहा सेकंद लागायचे. तेवढं थांबा.