लिमोजला जाताय? कपबशी उलटी करून बघा

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून थेट रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लिमोज येतं, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं फ्रेंच शहर. उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. १९२९ चं बेनेडिक्टँ स्टेशन, त्याचा हिरवट घुमट आणि घड्याळाचा मनोरा हेच पहिलं प्रेक्षणीय स्थळ आहे.

खरेदी मात्र शेवटी ठेवा. आधी चिनी मातीच्या भांड्यांचं आद्रियाँ द्युबुशे संग्रहालय बघा (मंगळवारी बंद असतं), म्हणजे चांगलं काम ओळखायला नजर तयार होते. मग व्हिएन नदीजवळची, भांडी भाजायची जुनी कासो भट्टी बघा. १८८४ ची ही गोल भट्टी आत शिरून पाहता येते, आणि माझ्या मते संग्रहालयापेक्षा तीच जास्त लक्षात राहते.

आता दुकानात. जुनी वस्तू घेताना बूड तपासा. झिलईखालचा (म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखालचा) शिक्का, बहुधा हिरवा, भांडं बनवणाऱ्याचा. झिलईवरचा रंगकाम करणाऱ्याचा. दोन वेगळी नावं दिसली म्हणून माल खोटा ठरत नाही. नुसतं ‘लिमोज’ लिहिलेलं असेल तर नक्षी हाताने रंगवलेली आहे की छापील, हे विचाराच. कारखान्यांच्या दुकानांत बारीक डाग असलेला दुय्यम प्रतीचा माल स्वस्तात मिळतो. घरच्या वापराला तो उत्तम.

शाकाहारी मंडळींसाठी: बोन चायनात हाडांची राख असते, लिमोजच्या पारंपरिक चिनी मातीत नसते. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं, एवढ्यावरच ती बनते; केओलिन जवळच्या सँ-इरिये इथे १७६८ च्या सुमारास सापडलं होतं.

कपबश्या हातातल्या बॅगेत ठेवा.