आंदोलन पेटलं की दोस्ती आणि प्रेम कसं सांभाळायचं

गावात प्रकल्पाची नोटीस लागली की पहिले आठ दिवस सगळे एकत्र असतात. फाटाफूट नंतर होते. कोकणात एन्रॉनचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी, प्रत्येकाचे मुद्दे वेगळे, पण एक तक्रार सगळीकडे होती: ठरवलं वरती, गावाला विचारलंच नाही. वाड्या फुटतात, भावकी फुटते, आणि त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची नातीही अडकतात. त्यांचा उल्लेख कुठल्याही निवेदनात नसतो.

निव्वळ मतं वेगळी म्हणून जोड्या फारशा तुटत नाहीत. बातमी कोणी फोडली आणि धोका कोणी जास्त पत्करला, या दोन गोष्टींवरून तुटतात. दोन्हींचा बंदोबस्त आधी करता येतो.

आधी पायरी ठरवा

हे बोलणं मोर्चाच्या आदल्या रात्री करू नका, तेव्हा कोणीच शांत नसतं. चार-पाच दिवस आधी, शेवटच्या एसटीची घाई नसेल अशा वेळी अर्धा तास बसा. कागदावर पाच पायऱ्या लिहा: निवेदनावर सही, ग्रामसभेत बोलणं, मोर्चा, ठिय्या, अटक. आपण कुठपर्यंत जाणार ते प्रत्येकाने सांगायचं. दुसऱ्याला त्याच्या पायरीवरून वर ओढायचं नाही आणि त्याची कारणं चारचौघांत विचारायची नाहीत.

कारणं बहुतेक वेळा खरी असतात. बोटीवर किंवा आखातात जाणाऱ्या मुलाला पासपोर्ट आणि पोलिसांचा दाखला लागतो. न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मग न्यायालयाची परवानगी काढत बसावं लागतं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्ममध्ये) कधी अटक झाली होती का, हा प्रश्न असतोच, आणि लपवलं तर ते आणखी अंगाशी येतं. भरतीची तयारी करणारी मैत्रीण ठिय्याला आली नाही म्हणून ती घाबरट ठरत नाही.

कायद्यातली एक गोष्ट दोघांनाही ठाऊक हवी. पाच किंवा जास्त माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला, तर समान उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याला बाकीचेही जबाबदार धरले जातात. भारतीय न्याय संहितेचं कलम १९० ते हेच. दगड एक मारतो आणि गुन्हा शेजारी उभ्या असलेल्या मित्रावरही लागतो. म्हणून ‘माझं मी बघीन’ हे वाक्य इथे चालत नाही. आपल्या घोळक्यात कोणी हात उचलायला लागला तर कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, हेही त्याच बैठकीत ठरवून ठेवा.

जो येत नाही त्याला काम द्या

मागे राहिलेल्याला काही काम नसेल, तर चार दिवसांत तो ‘त्यांच्यातला’ होतो. खरं तर सगळ्यात नेटकं काम त्याच्याकडेच असतं. वकिलाचा नंबर, कोणाला किती वाजता कुठे पाहिलं याची वही, दवाखान्याची चौकशी, बुडालेल्या तासांच्या नोट्स आणि प्रॅक्टिकलची जर्नलं. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरी लागते, आणि आंदोलन संपल्यावर सगळ्यात आधी गळ्याशी येते ती हीच. एप्रिल-मेमध्ये सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर बसायचं तर पाणीही त्यानेच पोचवावं: माणशी निदान दोन लिटर, शिवाय एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. काताळावर सावली नसते आणि दुपारी दगडाचीच धग लागते.

फोन आणि गप्पा

आंदोलनाच्या कमिटीचं बोलणं आणि दोघांचं बोलणं एकाच चॅटमध्ये नको. फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर तुमचं प्रेम चौकीत वाचलं जातं, आणि बैठकीची वेळ तुमच्या प्रेमपत्रातून बाहेर येते. दोन्हींचा दोष पुन्हा एकमेकांवरच. कमिटीत ऐकलेलं जोडीदाराला सांगायचं नाही, हा नियम उघडपणे ठरवा. ‘हे मला सांगता येणार नाही’ एवढं म्हटलं की विषय संपला, त्यावर रुसायचं नाही. तरी बातमी फुटलीच, तर ज्याला ती माहीतच नव्हती त्याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. हा नियम जोडीदाराला वाचवण्यासाठीच आहे.

आणीबाणीत राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत, त्यांत पुस्तकं होती, संगीत होतं. चॅटमध्येही तेवढंच राहू दे: गाणी, परीक्षा, आज काय जेवलात.

फोटो टाकण्याआधी विचारा. मुलीचा चेहरा स्थानिक चॅनेलवर दिसला की तिचं घराबाहेर पडणं बंद होऊ शकतं, ‘बाजूला कोण होता’ हा प्रश्न तर वेगळाच. समोरच्याने काढ म्हटलं की लगेच काढायचा, वाद नंतर.

ताब्यात घेतलं तर कोणाचं नाव सांगायचं

जोड्यांची सगळ्यात मोठी फजिती इथे होते. अटक झाल्यावर पोलिसांना एका माणसाला कळवावं लागतं, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार तो नातेवाईकच हवा असं नाही, मित्रही चालतो. आधी ठरवलेलं नसेल तर गडबडीत तोंडून प्रेयसीचं नाव निघतं, फोन तिच्या बाबांच्या घरी वाजतो आणि जे वर्षभर जपलं ते एका मिनिटात बाहेर पडतं. म्हणून एक तिसरा, दोन्ही घरांना चालेल असा माणूस नेमा. त्याचा आणि वकिलाचा नंबर पाठ करा, आणि शिवाय बॉलपेनने हातावर लिहा. फोन काढून घेतल्यावर पाठ नसलेला नंबर आठवत नाही.

अटकेचं कारण सांगणं बंधनकारक आहे. वकिलाला भेटता येतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करता येत नाही, करायची तर महिला अधिकाऱ्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. बाहेर थांबलेल्या मैत्रिणीला हे माहीत असेल तर ती रडत बसण्याऐवजी योग्य प्रश्न विचारते.

‘दलाल’ म्हणण्याआधी सातबारा बघा

मित्राच्या घरच्यांनी जमीन दिली अशी कुजबुज सुरू होते. कोकणातल्या सातबारावर कधी कधी तीस-चाळीस नावं असतात, अर्धे खातेदार मुंबईत आणि काही वारलेले. संमती काकाने दिली असेल आणि मित्राच्या बापाला पत्ताच नसेल. महाभूलेखवर सातबारा कोणालाही पाहता येतो, फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, तलाठ्याकडे विचारता येतो. बघा, मग बोला. बापाने खरंच सही केली असली तरी ती मुलाची सही नव्हे.

मुलाचं मत मांडायची जागा ग्रामसभा आहे. १८ पूर्ण झाले असतील आणि गावच्या मतदारयादीत नाव असेल तर तो सदस्यच आहे. नाव नसेल तर नमुना क्रमांक ६ भरा. दोन मित्र विरुद्ध बोलणार असतील तर बोलू द्या, आणि नंतर एकाच गाडीवरून घरी जा. लोक बघतात, आणि त्यातून पुष्कळ निवळतं.

ग्रुपवर ‘दलाल’ लिहून बसला असाल आणि ते खोटं निघालं, तर माफीही त्याच ग्रुपवर मागा. खाजगीत मागितलेली माफी त्याच्या आईपर्यंत पोचत नाही.

शिमग्याची पालखी आणि गणपतीतली आरती या दोन ठिकाणी विषय काढायचा नाही, असं आपापसात ठरवा. गणपतीत मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईला राहणारे गावकरी, गावात असतं, जुने हिशोब निघतात, त्यातून पालखीचा मान नाकारणं, पाणवठा बंद करणं, लग्नाला न जाणं असे प्रकार सुरू होतात. गावकीने एखादं घर वाळीत टाकलं तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. मात्र जोडीदाराचं घर असेल तर तक्रार त्या घराने करायची, तुम्ही परस्पर नाही.

नंतर

सुटून आल्यावर पहिला मेसेज ‘तू कुठे होतास’ असा नको. ‘जेवलास काय?’ पुरे. हिशोब निदान दोन दिवसांनी.

खटला मात्र आंदोलनापेक्षा लांबतो. तारखेला मित्रासोबत कोण जाणार याची पाळी लावा. एकट्याने तारखा करणारा मुलगा हळूहळू सगळ्यांवरच चिडायला लागतो. गुन्हे मागे घेतल्याची घोषणा झाली तरी न्यायालयाची संमती मिळेपर्यंत तारखा चालूच राहतात, घोषणेवर विसंबून गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि तीन झेरॉक्स काढा: एक त्याच्या घरी, एक वकिलाकडे, एक तुमच्याकडे.