मैफलीचे फोटो मंद उजेडात कसे काढावेत

दिवाळी आटोपली की नागपुरात कार्यक्रमांची रेलचेल सुरू होते. सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय गायन, रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सुगम संगीत, ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर थंडीत रंगणारे मोठे जलसे. सगळीकडे कॅमेरे निघतात आणि बहुतेक फोटो एकाच कारणाने वाया जातात. उजेड कमी म्हणून शटर मंद, म्हणजे जास्त वेळ उघडं, आणि शटर मंद म्हणून चेहरा फिसकटलेला. चांगली लेन्स यावरचा निम्मा इलाज आहे. उरलेला निम्मा कानात आहे, कारण गाणारा माणूस कधी स्थिर होणार हे गाणंच आधी सांगतं.

आधी परवानगी, मग जागा

आयोजकांना आधी विचारा. फ्लॅश वापरणार नाही, हे विचारायच्या आत तुम्हीच सांगून टाका, अर्धं काम तिथेच होतं. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचून माइक कुठे लागतोय ते बघा. गवयाच्या फोटोचा सगळ्यात मोठा शत्रू अंधार नव्हे, माइक! समोरून काढलात तर ओठ आणि हनुवटी त्यामागे जातात. म्हणून मधल्या रांगेचा मोह सोडा आणि मंचाच्या कडेला, साधारण ४५ अंशांच्या कोनात जागा धरा. स्टँड ज्या बाजूने आलाय त्याच्या विरुद्ध बाजूला बसलात तर उत्तम. बासरी असेल तर ती तोंडावर आडवी येते, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढून बघा आणि मगच ठाण मांडा. बसायचं, उभं राहायचं नाही. मागच्या काकूंनी तिकीट तुमची पाठ बघायला काढलेलं नसतं.

कॅमेरा लावून घेणे

मोड मॅन्युअल ठेवा, म्हणजे शटर, छिद्र, आयएसओ सगळं तुमच्या हातात राहतं. शास्त्रीय मैफलीत उजेड सहसा तासन्‌तास तोच राहतो, त्यामुळे एकदा बसवलेलं गणित टिकतं. ऑटोवर सोडलंत तर कॅमेरा मागचा काळा पडदा बघून फसतो, सगळं उजळवतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक करून टाकतो.

लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) ती देईल तितकं मोठं ठेवा; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. किटसोबत आलेली झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० किंवा ८५ मिमीची एफ/१.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. नवी घ्यायची नसेल तर एका संध्याकाळीपुरती भाड्याने आणा. शटर १/१२५ सेकंदापासून सुरू करा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ३२०० वर ठेवून चेहरा नीट दिसेपर्यंत वर-खाली करा. ६४०० ला घाबरू नका. वाढत्या आयएसओने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, घ्या.

मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, स्पॉटवर (एकाच लहानशा जागेवर), तेही गालावर. पांढरा कुर्ता किंवा जरीचा काठ असेल तर उजेड किंचित कमी ठेवा, कारण जळालेली जरी परत मिळत नाही. फोकससाठी एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. ८५ मिमी, एफ/१.८ आणि तीन मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली वीतभरही नसते, आणि कॅमेऱ्याला सोडलंत तर तो हमखास माइकची जाळी पकडतो. फोकससाठी पेटणारा छोटा दिवा आणि बीपचा आवाज बंद करायला विसरू नका.

आता ऐका

कार्यक्रमात सर्वांत जास्त फोटो वाया जातात ते सतत बटण दाबत राहिल्याने. त्याऐवजी बंदिश कुठे चाललीय ते ऐका. आलापात गायक एखाद्या सुरावर ठेहराव घेतो तेव्हा मान, हात, डोळे सगळं थांबतं. त्या दोन-तीन सेकंदांत १/६० वरही चेहरा स्वच्छ येतो. अति विलंबित ख्यालात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभराच्या आसपास जातं, म्हणजे घाई करायचं कारणच नाही. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, आला की तयार व्हा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गायक आणि तबलजी एकमेकांकडे बघतात, मान हलते, कधी हसू फुटतं. दोघं एका चौकटीत धरायची हीच वेळ.

तिहाई म्हणजे फोटोग्राफरला मिळालेली आगाऊ सूचना. तोच तुकडा तीनदा येतो आणि साधारणपणे समेवर संपतो. पहिल्या वेळी कॅमेरा डोळ्याला लावा, दुसऱ्या वेळी फोकस पक्का करा, तिसरी संपताना बटण दाबा. ताल मोजता येत नसेल तर टाळी देणाऱ्या एखाद्या जाणत्या श्रोत्यावर एक डोळा ठेवा, तोही चालतो.

तबल्याचं गणित वेगळं. १/५०० ला बोटं गोठतात, पण मग हात तबल्यावर नुसता ठेवल्यासारखा वाटतो. मला १/१२५ आवडतं: चेहरा स्थिर आणि बोटं धूसर. कव्वाली आणि भीमगीतांत मात्र गाणारा हात उंचावतो, पुढे झुकतो, कोरसकडे वळतो. तिथे १/२५० च्या खाली जाऊ नका. ताजबागेतल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर उरुसाच्या रात्री किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास वस्तीत लागलेल्या मंचासमोर शांत चेहरा शोधण्यात अर्थ नाही. टाळी पडायच्या क्षणभर आधी उघडलेले तळहात टिपा.

एलईडीची कटकट

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात, विशेषतः मिररलेस कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर. कार्यक्रमाआधी रिकाम्या मंचाचे दोन-चार फोटो काढून बघा. पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, किंवा मेकॅनिकल शटर वापरा. काही स्टेज दिवे यापेक्षा वेगळ्या गतीने लुकलुकतात. तिथे शटर थोडं थोडं बदलत जाणे हाच उपाय. मेकॅनिकल शटरचा आवाज आलापात खुपतो, तेव्हा द्रुत लय सुरू होईपर्यंत हात आवरा.

मोठ्या मैदानावर मागे एलईडीची भिंत असते. तिच्यावरचं चित्र गडद होण्याची वाट बघा, नाहीतर गायकाची नुसती काळी आकृती येईल. लाल-निळ्या झोतात चेहरा एकाच रंगाने भरून वाहतो आणि नाक-डोळे सपाट होतात. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तिन्ही रंग वेगवेगळे बघा, लाल उजव्या कडेला चिकटला असेल तर उजेड कमी करा. तरीही जमलं नाही तर फोटो कृष्णधवल करा.

फक्त मोबाइल असेल तर

मुख्य, एक-एक्स कॅमेराच वापरा. झूम केलं की मंद उजेडात चित्र पिठासारखं होतं. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड खाली ओढा. नाइट मोड बंद ठेवा, कारण तो हलत्या माणसाचे अनेक फोटो एकमेकांवर रचतो. आणि स्क्रीनची चमक कमी करा हो, मागच्या पाच रांगांना तीच दिसते.

घरी आल्यावर

निवडताना निर्दय व्हा. गाताना चेहरा वाकडातिकडा होतोच, पण नेमका तोच क्षण जगाला दाखवायची गरज नाही. तानेच्या मधला फोटो बहुधा टाकावा, तान संपल्यानंतरचा ठेवावा. दाणे कमी करताना त्वचा मेणासारखी दिसू लागली की एक पाऊल मागे या. सांगून काढले असतील तर दोन-चार चांगले फोटो कलाकाराला आणि तबला-पेटीच्या साथीदारांनाही पाठवा. साथीदारांकडे स्वतःचे फोटो फारसे नसतात, आणि पुढच्या वेळी मंचाजवळची जागा बरेचदा तेच मिळवून देतात.