गहू, बाजरी, मूग चालतील, ज्वारी नको: परसातील कोंबड्यांसाठी मोड आणण्याची पद्धत

मराठवाड्यात होळी झाली की परसातले हिरवे संपते. बांधावरचे गवत वाळून काडी होते, आणि मोकळ्या सोडलेल्या गावरान कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरूनही हिरव्या पानाला महाग होतात. अशा दिवसांत धान्याला मोड आणून ते कोंबड्यांना घालणे हा घरच्या घरी जमणारा चांगला उपाय आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. रोवळी, सुती फडके, परात आणि दिवसातून दोन-तीन वेळा लक्ष घालणारे माणूस एवढे पुरते.

मात्र प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. एक किलो गव्हाचे दोन-तीन दिवसांत सुमारे दोन किलो मोड होतात, आणि तोच गहू ट्रेमध्ये आठवडाभर वाढवला तर पाच-सहा किलो हिरवा चारा मिळतो, हे खरे आहे. पण वाढलेले हे वजन पाण्याचे असते. धान्यातील कोरडा भाग उलट थोडा घटतो, कारण उगवताना बीज आपलाच साठा खर्च करते. त्यामुळे मोडांनी खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो असे सांगितले जाते, तेव्हा पाणीही खाद्याच्या भावाने मोजलेले असते. प्रत्यक्ष लाभ वेगळा आहे. दाण्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो, फायटेट या संयुगाच्या रूपाने अडकून पडलेला स्फुरद काही प्रमाणात मोकळा होतो, जीवनसत्त्वे वाढतात, आणि उन्हाने खाणे मंदावलेली कोंबडी ओलसर, गोडसर दाणा आवडीने टिपते. मोड हे कोंबडीचे तोंडी लावणे आहे, भाकरी नव्हे. रोजचे खाद्य चालूच ठेवावे लागते.

आता धान्याची निवड. मालदांडी असो वा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी मोती हा वाण असो, आपल्याकडे घरात ज्वारी हमखास असते, त्यामुळे हात पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. मोड आणण्यासाठी मात्र ज्वारी अजिबात वापरू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचे द्रव्य तयार होते आणि कोंब चिरडला गेला की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे जहाल विष, सुटते. कोवळी किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, ते धापा टाकत आडवे होते आणि वेळेत उपचार न झाल्यास दगावते, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. परातीत मोड आणलेल्या ज्वारीतही तेच विष असते. कोरड्या, पक्व दाण्यात त्याचे प्रमाण नगण्य असल्यामुळे कोरडी ज्वारी, तिचा भरडा किंवा शिळ्या भाकरीचे तुकडे नेहमीप्रमाणे घालण्यास हरकत नाही. भिजत घातलेली ज्वारी विसरली जाऊन तिला कोंब फुटले, तर ती कोंबड्यांपुढे न टाकता खताच्या खड्ड्यात पुरावी.

गहू सर्वांत सोयीचा, कारण तो एकसारखा उगवतो आणि मोंढ्यात बाराही महिने मिळतो. बाजरीत धुरीन नसते, तिचा दाणा लहान असल्याने तलंगांनाही, म्हणजे अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्यांनाही, टिपता येतो. मूग आणि मटकी लवकर मोडावतात व प्रथिनांची भर घालतात. तीन-चार वाट्या गव्हाला एक वाटी मूग एवढे मिश्रण पुरेसे होते. मका चालतो, परंतु तो जवळजवळ एक दिवस भिजवावा लागतो आणि दाणा मोठा असल्याने थोडा ठेचून द्यावा लागतो. सोयाबीन लातूरकडे कितीही मुबलक असले तरी कच्चे देऊ नये. प्रथिनांचे पचन रोखणारे त्यातील घटक मोड आल्याने पुरेसे जात नाहीत, त्यासाठी उष्णताच लागते. पेरणीतून उरलेले गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. ते कितीही धुतले तरी खाद्य होत नाही. साठवणीसाठी बोरिक पावडर लावलेले कडधान्यही टाळावे. गव्हाला एरंडेल चोळलेले असेल, तर कोमट पाण्याने दोनदा चोळून धुतल्यावर तो चालतो.

धान्य जुने असेल तर शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहावी. ऐंशीपेक्षा कमी दाणे उगवत असतील तर ते धान्य कोरडेच घालावे, कारण न उगवलेला प्रत्येक दाणा पाण्यात कुजतो आणि शेजारच्या दाण्यांना बुरशी देतो. बाजरीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. पेरणीपूर्वी अरगट, म्हणजे कणसावरील बुरशीच्या रोगाच्या विषारी गाठी, काढण्यासाठी आपण बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ या प्रमाणात, बुडवतो; तीच रीत येथेही पाळावी. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळावेत, आणि तळाची बाजरी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावी, कारण उरलेले मीठ उगवणीलाही बाधते आणि कोंबड्यांनाही.

दहा मोठ्या कोंबड्यांसाठी रोज १५० ग्रॅमच्या आसपास कोरडे धान्य पुरते. ते संध्याकाळी निवडून, पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत धुवावे आणि तिप्पट-चौपट पाण्यात भिजत घालावे. गहू दहा-बारा तास, मूग आणि बाजरी सहा-आठ तास भिजवावी. मे महिन्यात मात्र पाणी मध्ये एकदा बदलावे, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. सकाळी पाणी उपसून धान्य रोवळीत बोटभर जाडीच्या थरात पसरावे आणि पिळलेल्या ओल्या फडक्याने झाकावे. यानंतर दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा, ते पाण्याने खळखळून पूर्ण निथळू द्यावे. सगळे यश निथळण्यावर आहे. रोवळी परातीत सपाट ठेवली तर तळाला पाणी साचते आणि खालचा थर बुळबुळीत होतो. म्हणून तिच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सारून ती कलती ठेवावी. उपसलेले पाणी कोंबड्यांना पाजू नये, कढीपत्त्याला किंवा पपईला घालावे. ज्या भागाने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेले पाहिले, तिथे तांब्याभर पाणीही वाया घालवण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी गव्हाचा दाणा टोकाशी फुटतो आणि त्यातून बहुधा तीन बारीक पांढरी मुळे बाहेर येतात. कोंब त्यांच्या मागून डोके काढतो. मूळ दाण्याएवढे लांब झाले की मोड देण्याजोगे झाले. उन्हाळ्यात याला भिजवण्यासह दोन दिवस पुरतात. परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा मात्र चार दिवसही लागू शकतात, आणि त्या काळात रोवळी रात्री चुलीजवळ ठेवलेली बरी. रोज ताजे मिळावे म्हणून दोन-तीन भांड्यांचा फेरा ठेवावा. पारा ४० अंशांपलीकडे गेला की पत्र्याखाली ठेवलेले मोड उकडतात. अशा वेळी ढेळजेत किंवा माजघरात, रांजणाच्या कडेला ओल्या गोणपाटावर रोवळी ठेवावी.

बुरशीविषयी नवख्या माणसाचा दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. मुळाभोवती दिसणारी आखूड पांढरी लव ही मूळरोमांची असते. पाणी घातले की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर जाळ्यासारखी पसरते, पाण्याने जात नाही, पुढे करडी, हिरवी किंवा काळी पडते आणि तिला कुबट वास येतो. असे दिसल्यास वरचे वरचे काढून बाकीचे वापरण्याचा मोह आवरावा आणि सगळी रोवळी रिकामी करावी, कारण अस्परजिलस जातीच्या बुरशीने पक्ष्यांच्या फुप्फुसांचा रोग होतो आणि तिच्यापासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते. भांडी उकळत्या पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात टाकावीत. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मोड सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर घालावेत, आणि तेही खुराड्यातल्या तुसावर न टाकता पसरट टोपल्यात किंवा स्वच्छ पोत्यावर. मोठ्या कोंबडीला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे लहान मुठीएवढे मोड पुरे होतात, आणि तासाभरात न संपलेले उचलावेत. पहिल्या आठवड्यात निम्मेच द्यावेत. विष्ठा पातळ झाली तर दोन दिवस थांबून पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी. अंड्यावरच्या कोंबडीला लागणारे कॅल्शियम मोडांतून मिळत नाही, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम असावा. बंदिस्त कोंबड्यांना दाणा दळण्यासाठी बारीक खडेही लागतात. अगदी लहान पिलांना मोड देण्याची घाई करू नये.

अंड्याचा बलक गडद व्हावा एवढाच हेतू असेल, तर पांढऱ्या मोडांनी तो साधत नाही, कारण बलकाचा रंग हिरव्या पानांतील रंगद्रव्यांतून येतो. त्यासाठी तळाला भोके असलेल्या ट्रेमध्ये मोडावलेला गहू पातळ पसरून, सावलीतील उजेडात आठवडाभर पाणी शिंपडत वाढवावा. वीतभर होण्याआधीच तो मुळांच्या चटईसह काढून कात्रीने बारीक कापावा. लांब पात्यांचा गुंता गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत अडकून कोंबडी आजारी पडू शकते. मृगानंतर परसात हिरवे उगवू लागले की हा ट्रे बंद करावा, कारण पावसाळी दमट हवेत त्यावर बुरशी फार लवकर धरते आणि तोवर कोंबड्यांना आपले हिरवे आपण शोधता येते.