विश्वाला कड आहे का? उत्तर देण्याआधी या चुका टाळा

विश्व अनंत आहे की कुठेतरी संपतं, असं विचारणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. राग आहे तो दोन व्हिडिओ बघून ठामपणे उत्तर देणाऱ्यांवर. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका ऐकून आता समोरचा तोंड उघडायच्या आत कुठली चूक येणार ते कळतं. त्यातल्या तीन चुकांवर मी सविस्तर बोलणार आहे, कारण बाकीच्या बहुतेक त्यांच्याच पोटातून निघतात.

वय गुणिले प्रकाशाचा वेग, की झाली कड

आकाशदर्शनाच्या एका रात्रीसाठी एका उत्साही स्वयंसेवकाने मोठा फलक रंगवून आणला होता. मधोमध पृथ्वी, भोवती वर्तुळ आणि वर्तुळावर ठळक अक्षरांत 'विश्वाची कड : १३८० कोटी प्रकाशवर्षे'. त्याच्या मते हिशेब सरळ होता. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, प्रकाश वर्षाला एक प्रकाशवर्ष जातो, संपला विषय. रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "त्या रेषेवर कुणी उभं असेल तर त्याला काय दिसेल?" हा म्हणाला, "एकीकडे आपण, दुसरीकडे काळोख." तेवढ्यात मागच्या एका काकांनी फोनवर ४६५० कोटींचा आकडा शोधून काढला आणि जाहीर केलं, की मग प्रकाश तिपटीहून जास्त वेगाने धावला, म्हणजे आइनस्टाइन चुकला! पुढे तासभर दुर्बीण मोकळी आणि फलकासमोर सभा. गुरू मावळून गेला, कुणाचं लक्षही नव्हतं.

गोंधळ एवढाच, की प्रकाश वाटेत असताना अवकाश थांबून राहत नाही. आपल्यापर्यंत पोचणारा सर्वांत जुना प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं. ज्या तप्त वायूतून तो निघाला तो वायू त्या वेळी इथून जेमतेम ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होता. त्यानंतर अवकाश सुमारे १०९० पटींनी ताणलं गेलं. त्या वायूच्या पुढे दीर्घिका झाल्या असतील, तर त्या आज ४५०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे आहेत. अगदी आरंभापासून मोजलं तर दृश्य विश्वाची, म्हणजे ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला तेवढ्या भागाची, त्रिज्या सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षं भरते. या सगळ्यात प्रकाशाला कुणीही मागे टाकलं नाही. दोन ठिकाणांमधलं अंतरच वाढत गेलं आणि त्या वाढीवर सापेक्षतावाद वेगमर्यादा घालत नाही. ताम्रसृती (वाटेत प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) साधारण दीडच्या वर असलेल्या दीर्घिका आज आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दुरावताहेत, तरी त्यांचा जुना प्रकाश आपण रोज टिपतो.

त्या मुलीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं होतं. त्या रेषेवर आज कुणी असेल तर त्याला चहूकडे दीर्घिकाच दिसतील. त्याच्याभोवतीही तेवढंच मोठं वर्तुळ असेल, आणि त्या वर्तुळाच्या काठाजवळ, जुन्या प्रकाशाच्या फिकट झगमगाटात, आपली आकाशगंगा जन्मण्याआधीचा वायू असेल. दृश्य विश्वाचं टोक ही आपल्या नजरेची हद्द आहे. तिथे विश्व संपतं असं म्हणायला काडीचा आधार नाही.

माझी सवय सांगतो. दूरच्या दीर्घिकेचं अंतर कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, "तेव्हाचं की आत्ताचं?" वहीत दोन वेगळे रकाने ठेवतो. आणि 'दृश्य' हा शब्द लावल्याशिवाय विश्वाचा आकार तोंडातून काढत नाही. कंटाळवाणं आहे, पण फलक पुसत बसण्यापेक्षा बरं.

फुगा

प्रसरण समजवायला फुगा आणला, की माझ्या कपाळावर आठी येते. फुग्यावर ठिपके काढायचे, फुंकायचं, ठिपके दुरावतात, टाळ्या. मग पहिला हात वर होतो, "फुग्याच्या आत काय आहे?" आणि दुसरा, "बाहेर काय आहे?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, कारण फुग्याला आत आणि बाहेर दोन्ही असतं. त्या उपमेत विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग, आतली हवा आणि बाहेरची खोली धरायची नाही, हे कुणी सांगत नाही. सांगितलं तरी डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. फुगा ही आळशी माणसाची पळवाट आहे.

मी फुगा वापरत नाही, संख्यारेषा काढतो. शून्य, एक, दोन, तीन, उलट्या दिशेला उणे एक, उणे दोन, दोन्हीकडे न संपणारी. आता प्रत्येक संख्येला दोनने गुणा. शेजाऱ्याशेजाऱ्यांतलं अंतर दुप्पट झालं. रेषा कशाच्याही आत पसरली नाही, तिला बाहेरची जागा लागली नाही. शून्य मध्य वाटतं, पण पाचावर बसून बघा, सगळे त्याच्यापासूनही तसेच दुरावतात. अनंत विश्वाचं प्रसरण असंच होऊ शकतं. लोकांना हे फुग्यापेक्षा रुक्ष वाटतं. वाटू दे.

फुग्यातून निघणारी दुसरी, जास्त चिवट समजूत अशी, की विश्व सीमित असेल तर त्याला कड असलीच पाहिजे. १९१७ मध्ये आइनस्टाइनने मांडलेलं विश्व सीमित होतं, त्याचं घनफळ मोजता येत होतं, आणि त्याला कड नव्हती. सरळ जात राहिलं तर शेवटी निघालो तिथेच परत. (ते स्थिर होतं, म्हणून टिकलं नाही. रशियन गणितज्ञ फ्रीडमनने १९२२ मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाची समीकरणं मांडली.) म्हणजे प्रश्न मुळात दोन आहेत: विश्व सीमित की अनंत, आणि कड आहे की नाही. प्राचीन ग्रीसमधल्या आर्किटसने विचारलं होतं, की विश्वाच्या टोकावर उभा राहून मला हात पुढे करता येईल की नाही? हे वाक्य अनंताचा पुरावा म्हणून आजही फिरवतात. त्यातून फार तर कड नसावी एवढं निघतं. सीमित विश्वातही हात खुशाल पुढे करता येतो.

'सपाट निघालं, म्हणजे अनंत सिद्ध झालं'

नाही झालं. वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीतल्या, म्हणजे वर सांगितलेल्या त्या सर्वांत जुन्या प्रकाशातल्या, ठिपक्यांचा आकार आकाशात साधारण एक अंश भरतो. भूमिती सपाट असेल, म्हणजे प्रचंड त्रिकोणाच्या कोनांची बेरीजही १८० अंशच येत असेल, तर तेवढाच भरायला हवा. हा प्रकाश टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाची मोजमापं दीर्घिकांच्या सर्वेक्षणांशी जोडली, तर वक्रता शून्याच्या आसपास येते, त्रुटी सुमारे ०.२ टक्के. इथवर ठीक. पण सपाट अवकाश स्वतःवर परत जोडलेलंही असू शकतं. उजवीकडे गेलात की डावीकडून परत, वर गेलात की खालून. वक्रता शून्य, घनफळ सीमित, कड नाही.

असं विश्व पुरेसं लहान असेल तर आकाशात विरुद्ध दिशांना एकसारख्या नमुन्याची वर्तुळं दिसायला हवीत. कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन या संशोधकांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे डब्ल्यूमॅप या यानाने त्याच जुन्या प्रकाशाचे जे नकाशे केले, त्यांत शोध झाला. वर्तुळं सापडली नाहीत. यावरून उतावळे लोक अनंताकडे उडी मारतात. निष्कर्ष इतकाच, की जोडणी असली तर ती आपल्या टप्प्याबाहेर आहे.

इथे एक विषमता आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. विश्व सीमित असल्याचा पुरावा उद्या मिळू शकतो: जुळणारी वर्तुळं मिळाली तर लगेच, धन वक्रता (गोलाच्या पृष्ठभागासारखी) पक्की मोजली गेली तर बऱ्याच अंशी. अनंत असल्याचा पुरावा मात्र मोजमापाने मिळणार नाही, कारण प्रत्येक मोजमापाला त्रुटी असते आणि आपला टप्पा सीमित आहे. उपकरणं निर्दोष झाली तरी दहा हजारांत एक भागाच्या आसपास वक्रता पदार्थाच्या दाटीतल्या चढउतारांत बुडून जाते. 'विज्ञानाने सिद्ध केलंय' असं दोन्ही बाजूंनी म्हणणाऱ्यांना मी त्रुटी किती ते विचारतो. सहसा संभाषण तिथेच थांबतं.

आता भराभर

महास्फोट अमुक ठिकाणी झाला असं समजू नका. तो सगळीकडे झाला, म्हणून ती सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रत्येक दिशेने जवळजवळ सारखीच येते, फरक लाखात एक भागाचा.

'तेव्हा विश्व बिंदूएवढं होतं' असं म्हणताना दृश्य विश्व म्हणा. विश्व आज अनंत असेल तर तेव्हाही अनंतच होतं, फक्त दाट.

रात्र काळी आहे म्हणून तारे कुठेतरी संपतात, असं केप्लरने १६१० मध्ये म्हटलं होतं. त्याला माफ आहे. आपल्याला माहीत आहे, की विश्वाचं वय मर्यादित आहे आणि दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही.

अनंत विश्वात तुमची हुबेहूब प्रत असतेच असं नाही. समसंख्या अनंत आहेत, त्यांत तीन कधीच येत नाही. प्रतीसाठी आणखी गृहीतकं लागतात.

मोठी दुर्बीण बांधली की कड दिसेल, ही आशा सोडा. दुर्बीण जितकी दूर बघते तितकी मागच्या काळात बघते, आणि ३ लाख ८० हजार वर्षांपाशी अपारदर्शक वायू आडवा येतो. आणि 'थांबा, हळूहळू सगळा प्रकाश येईल' म्हणणाऱ्यांसाठी: प्रसरणाचा वेग वाढतो आहे. कितीही काळ थांबलात तरी आज सुमारे ६२०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे जे आहे, त्याचा एकही किरण इथे पोचणार नाही.